टँकर न्हाई, सुजाताचं हाय

दाजी,

काल तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसं आली, वंदना झाली, जेवणं झाली, आणि जो तो तुमच्याबद्दल चांगलंच बोलला. तुम्ही समोर असता तर मला कोपर मारून विचारलं असतंत, हे कुणाविषयी बोलतायत, त्या माणसाला एकदा भेटलं पाहिजे. माझी पाळी आली तेव्हा मला बोलता आलं नाही. माईक हातात घेतला, त्यात नुसता माझा श्वास घुमला, आणि शेषेराव साउंडवाल्याचा चेहरा उतरला, आता हाही काहीतरी घरघर लावतो की काय म्हणून. मी हात जोडले आणि खाली बसलो. साल्यानं दाजीबद्दल चारचौघांत चांगलं बोलायची आपल्याकडं पद्धत नाही. म्हणून हे लिहितोय.

दुसरंही कारण आहे. सगळी पांगल्यावर तुमची सुजाता माझ्याजवळ येऊन बसली. एकुलती एक लेक, बाप गेल्यापासून धड रडलीही नव्हती. म्हणाली, "मामा, एक विचारू? पण खोटं बोलू नकोस. बाबांनी माझी कॅसेट सगळ्या गावाला ऐकवली. स्वतः ऐकली का?" मी म्हणालो, उद्या सांगतो. लातूरला माझ्या मेडिकलमध्ये नसलेलं औषध कुणी मागितलं की मी असंच सांगतो. पण ती उद्याच पुण्याला परत चाललीय, आणि आज दुपारी मला उत्तर द्यावं लागलं. ते काय दिलं ते तुम्हाला कळायला पाहिजे.

मुळात तुमच्या घरात असली मुलगी जन्माला यावी हाच मोठा विनोद. तुम्ही उभी हयात शाळेत हिंदी शिकवलीत, आणि त्यातली निम्मी हिंदी "शांत बैठो" एवढीच होती. तुमच्या हातचे विद्यार्थी तहसीलपासून बाजारापर्यंत सगळीकडं आहेत. त्यांना नातवंडं झाली तरी तुम्ही दिसलात की बोलता बोलता थांबायचे. घरात कुकरची शिट्टी वाजली तरी तुमच्या कपाळावर आठी. अशा माणसाची लेक पुण्याला आवाजाचं शिक्षण घ्यायला गेली तेव्हा आम्हाला वाटलं, गाणं शिकेल, रेडिओत लागेल. तिनं गाणं सोडून बाकी सगळं केलं.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात लातूरला आमच्याकडं रेल्वेनं पाणी येत होतं आणि जळकोटला तुमच्याकडं तेही नव्हतं. तेव्हा ही पोर कानावर मोठाले हेडफोन चढवून, हातात केसाळ माईक धरून शिवारात हिंडायची. जिथं बोअरची गाडी लागेल तिथं ही हजर. लोकांना वाटलं, सरकारनं पाणी बघायला पाठवलेली बाई आहे. कुणी चहा पाजायचं, कुणी हळूच म्हणायचं, "बाई, आमच्या बी रानात एकदा कान लावा की." ती बिचारी जाऊन लावायची आणि म्हणायची, आवाज फार छान आहे. एवढ्यावर माणसं बोअरवाल्याला फोन करायला निघायची. शेवटी अक्काला गल्लीभर सांगत फिरावं लागलं, "माझ्या लेकीला पाण्यातलं काई कळत न्हाई वो, तिच्या नादी लागू नका."

त्या आवाजांचं पुढं तिनं जे केलं त्याला काय म्हणायचं, यावर आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. बोअरची गाडी, टँकरची मोटार, कोरड्या नळातून सुटणारी हवा, सगळं तिनं ताणलं, हळू केलं, एकावर एक चढवलं. ताल नाही, सूर नाही, शब्द नाही. एक घरघर सुरू होते आणि बाजू संपेपर्यंत तीच चालते. मधेच कुणीतरी पत्रा ओढल्यासारखं होतं, तेवढाच विरंगुळा. नाव ठेवलं ‘पाणी यायलंय’. आणि काढलं कशावर, तर कॅसेटवर. जगानं कॅसेटी भंगारात घातल्या तेव्हा पुण्यातल्या तिच्या दोस्तांना त्या आठवल्या. पाऊस यायच्या आतच मूठभर प्रती निघाल्या. त्यातली एक जपानला गेली असं तुम्ही बसस्टँडवरच्या हॉटेलात प्रत्येकाला सांगायचात. जपानहून अजून तक्रार आली नाही, असं मी पुढं जोडायचो.

"मेव्हणे, हसा," तुम्ही म्हणायचात. "पर आधी ऐका, मग हसा."

ऐकायची कशावर हा प्रश्न होता. तुम्ही शेषेरावच्या दुकानातून त्याचा जुना डेक आणि लग्नातला एक मोठा बॉक्स उचलून आणलात आणि गच्चीवर मांडलात. दुष्काळात लग्नं आटोपशीर झाली होती, त्यामुळं त्याचं सामान नुसतं पडून होतं. तो रविवार होता म्हणून मी तिथं होतो. तुम्ही स्वच्छ शर्ट घातला होता, जणू काही सत्कार आहे. बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग जमिनीखालून आल्यासारखी घरघर सुरू झाली, गच्चीवरचा पाण्याचा रिकामा ड्रम थरथरायला लागला, आणि तुम्ही डोळे मिटलेत.

मी डोळे मिटले नव्हते, म्हणून मला खालची गल्ली दिसली. एक दार उघडलं, मग दुसरं. घागरी, कळश्या, ऑइलपेंटचे डबे, ज्याला जे सापडलं ते घेऊन बायका धावत आल्या आणि तुमच्या दारापुढं रांग लागली. पहिला नंबर शेजारच्या गयाबाईंचा. रांगेत धक्काबुक्कीही सुरू झाली. टँकर दिसेना, पण मोटार तर ऐकू येतेय, तेव्हा तो वळणावर अडला असणार, असं म्हणून दोघी तिघी वळणापर्यंत पळत जाऊन आल्या. मग गयाबाईंनी वर बघितलं. बॉक्स दिसला, आणि बॉक्सशेजारी डोळे मिटून उभे असलेले गुरुजी दिसले.

"गुर्जी, काय करायलाव वो?" त्या ओरडल्या. "हातातलं पीठ टाकून पळत आले मी!"

त्यानंतर गल्लीनं तुमचा जो उद्धार केला तो मी अक्काच्या देखत लिहू शकत नाही. एवढी वर्षं कुणी तुमच्यासमोर मोठ्यानं बोललं नव्हतं, ती सगळी कसर त्या दिवशी निघाली. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. पण संध्याकाळी सुजाताचा फोन आला तेव्हा तुम्ही काय सांगितलंत? "अगं, तुझी कॅसेट लावली आणि अख्खी गल्ली पळत आली." घागरींचा उल्लेख नाही. मी शेजारी बसून खोकलो, तर तुम्ही मला डोळ्यांनी गप्प केलंत.

पुढं तुम्ही बॉक्स घरात घेतलात, आणि कॅसेट लावायच्या आधी दारात उभं राहून आरोळी द्यायला लागलात, "टँकर न्हाई, सुजाताचं हाय!" हळूहळू गल्लीला त्याची सवय झाली. इतकी की खरा टँकर आला तरी आतून एखादी ओरडून विचारायची, "टँकर हाय का सुजाताचं हाय?" आणि खात्री करूनच घागर उचलायची. लेकीचं नाव एवढ्या तोंडांत घातलं म्हणून तुम्ही खूश होतात.

दुसरा प्रयोग नव्या जिल्ह्याच्या सभेतला. उदगीर जिल्हा होणार आणि जळकोट त्यात जाणार, यावर तुम्ही जेवण सोडून बोलायचात. मी लातूरचा, तेव्हा मी विरोधी पक्ष. "आमचं पाणी तुम्ही न्यायलाव, आमचं ऑफिस तुम्ही ठेवायलाव," असं तुम्ही मलाच सुनवायचात, जशी काही कलेक्टर कचेरी माझ्या मेडिकलच्या माळ्यावर आहे. सभेची व्यवस्था तुमच्याकडं होती आणि पुढारी नेहमीप्रमाणं उशिरा येणार होते. तोवर लोकांना धरून ठेवायला शेषेराव गाणी लावणार होता. तुम्ही खिशातून कॅसेट काढलीत आणि दुसरी बाजू लावायला सांगितलीत.

कर्णे चौकात चार दिशांना बांधलेले. घरघर सुरू झाली आणि दाजी, कुणीही हललं नाही! लोकांना वाटलं, सेटमध्ये घुंई घुंई येतेय, ती तर नेहमीच येते. माणसं तंबाखू मळत शांत बसून राहिली. हाल झाले ते फक्त शेषेरावचे. कॅसेटमध्ये काय आहे हे त्याला तुम्ही सांगितलंच नव्हतं. तो घामाघूम होऊन या वायरीपासून त्या वायरीपर्यंत धावत होता, अर्थिंगला पाणी घालत होता, तेही दुष्काळात. पुढारी आले, बोलायला लागले, तरी खाली घरघर चालूच. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, कालच्या भाषणाला काय वजन होतं.

"सारा चौक बसून ऐकला," तुम्ही सुजाताला कळवलंत. "एक माणूस उठला न्हाई."

मी म्हणालो, याला ऐकणं म्हणत नाहीत. कानावर पडणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. तुम्ही म्हणालात, मी जन्मभर वर्गात शिकवलो, तिथं तरी दुसरं काय होत होतं? यावर मी चहा मागवला.

आता तुमच्या लक्षात येईल, पोरीनं तो प्रश्न का विचारला. तुम्ही तिला सगळं गोड करून सांगत होतात आणि ते तिला कळत होतं. गल्ली का धावली हे गयाबाईंनीच तिला मागं सांगून टाकलं होतं. बाप आपल्यासाठी एवढा खटाटोप करतो याचं तिला अप्रूप होतं, पण तिला खटाटोप नको होता. एकदा तरी कुणी, आणि शक्यतो बापानं, बसून ते नीट ऐकलंय, एवढंच तिला हवं होतं.

आणि साक्षीदार मी. मी काय पाहिलं होतं? उन्हाळ्यातला आणखी एक रविवार. मी पायरीवर चपला काढतोय तोच आतून कॅसेटीची घरघर, आणि तिच्यावर ताण करणारी तुमची. तुम्ही आरामखुर्चीत, मान मागं, तोंड अर्धं उघडं. मी खुर्ची हलवली.

"दाजी, घोरायलाव की!"

तुम्ही डोळे उघडलेत, पण दचकला नाहीत. म्हणालात, "मी न्हाई घोरत. कवाच घोरत न्हाई. ते त्यातलं हाय."

"कशातलं?"

"कॅसेटीतलं. दुसऱ्या बाजूला कुणीतरी झोपलंय. कान देऊन ऐकलं की कळतं. खाली, लई खाली. लई दमलेला माणूस हाय बिचारा."

मी इतका हसलो की अक्का लाटणं घेऊन बाहेर आली. तुम्ही घोरत नाही हे तुमचं म्हणणं लग्नापासूनचं. अक्कानं शपथा घेतल्या, शेजाऱ्यांनी दाखले दिले, माझ्या पुतण्याच्या लग्नात एका खोलीत झोपलेल्या वऱ्हाडानं पहाटे अंथरुणं उचलून मंडपात नेली, तरी तुम्ही कबूल झाला नाहीत. आता तर तुम्ही घोरणं लेकीच्या कॅसेटवर ढकललं होतं. हा किस्सा मी लातुरात मेडिकलच्या काउंटरवर किती जणांना सांगितला असेल. त्यानंतर भेट झाली की मी विचारायचो, "काय दाजी, उठला का तो माणूस?" तुम्ही गंभीरपणे म्हणायचात, "अजून न्हाई. झोपू द्या."

तुम्ही गेलात तेही त्याच खुर्चीत, दुपारचं जेवण झाल्यावर. अक्का आत भांडी लावत होती. आवाज येईना म्हणून ती बघायला आली. एवढंच ती सांगते, पुढचं सांगत नाही. मला फोन आला तेव्हा मी कुणाला तरी खोकल्याचं औषध देत होतो. बाटली हातात घेऊनच मी रस्त्यावर आलो आणि जळकोटची गाडी शोधायला लागलो. तुमच्याइतकं छान गप्प बसणारा माणूस मला भेटला नाही, दाजी. आमचे बाबा वारले तेव्हा तुम्ही माझ्या दुकानाच्या पायरीवर दुपारभर माझ्याशेजारी बसलात आणि एक शब्द बोलला नाहीत. त्याबद्दल मी कधी काही म्हणालो नाही. आपल्यात तसं बोलायची सोय नव्हती, नुसती टिंगल करायची होती. मला तुमची फार आठवण येते.

तर आज सकाळी, निदान धड खोटं तरी बोलता यावं म्हणून, मी सुजाताचे हेडफोन लावून तुमच्या खुर्चीत बसलो. दुसरी बाजू. सुरुवातीला मला फक्त घरघर ऐकू आली आणि दुकानातल्या मुदत संपलेल्या औषधांची काळजी. मग जरा वेळानं ती घरघर सुटी व्हायला लागली. वर बारीक हवा, नळातली असणार. मधे मोटार. मोटारीखाली काहीतरी जड, जे सावकाश वर यायचं, थांबायचं, आणि खाली जायचं. जातं ओढल्यासारखं. मी त्याच्या मागं मागं जात राहिलो. मग अक्का माझा खांदा हलवत होती. "तू बी का रे?" ती म्हणाली.

दुपारी सुजाता बॅग भरत होती. मी म्हणालो, "ऐकायचे गं. रोज ऐकायचे."

"काय म्हणायचे?"

"छान आहे म्हणायचे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. दाजी, ही तुमची मुलगी आहे, वर्गात मागच्या बाकावर काय चाललंय हे तिला पाठमोरीही दिसतं. मी हात टेकले. म्हटलं, "हे बघ, बाबांनी तुझ्यासाठी गाव डोक्यावर घेतलं. पण मला खरं विचारशील तर ते झोपायचे. कॅसेट लावायचे आणि घोरायचे. मी डोळ्यांनी बघितलंय. वर मलाच सांगायचे, मी घोरत नाही, ते कॅसेटीतलं आहे. दुसऱ्या बाजूला कुणीतरी झोपलंय म्हणे. दमलेला माणूस आहे म्हणे."

मला वाटलं, ती हसेल नाहीतर रडेल. तिनं हातातला कुर्ता खाली ठेवला.

"परत सांग. काय म्हणाले?"

मी परत सांगितलं. खाली, लई खाली, तेही सांगितलं. ती बॅगेवरच बसली.

"मामा, ते बाबाच आहेत."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. त्याच उन्हाळ्यात एका दुपारी, तुम्ही शाळेच्या मैदानात टँकरची रांग लावून, भांडणं सोडवून, घरी येऊन आडवे झाला होतात. तिनं तुमच्या उशाशी माईक ठेवला. मग ते घोरणं तिनं इतकं हळू केलं, इतकं ताणलं की त्यात माणूस उरला नाही, आणि तेच दुसऱ्या बाजूच्या तळाशी पसरून दिलं. कुणालाच सांगितलं नाही. पुण्यातल्या दोस्तांना वाटलं मोटार आहे. जपानच्या माणसानं तिला लिहिलं होतं, तुमच्याकडचा समुद्र सुंदर आहे.

"तुम्ही सांगून टाकायचं ना बापाला," मी म्हणालो. घाईत मी तिला अहो-जाहो करायला लागलो होतो.

"घोरता म्हटलं की चिडायचे. म्हटलं, कधी खरंच ऐकलं, तर त्यांनाच कळेल. मग सांगू." तिनं कुर्त्याची घडी परत उलगडली. "ते ऐकतात असं मला कधी वाटलंच नाही, मामा. आजपर्यंत कुणालाही कळलेलं नाही ते. कुणालाही."

मग ती रडली. कार्यक्रमात राहून गेलेलं सगळं रडली. मी शेजारी बसून राहिलो आणि काही बोललो नाही, तुमच्यासारखं.

म्हणजे दाजी, मी तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायला गेलो आणि खटला तुम्ही जिंकलात. समुद्र नाही, मोटार नाही, त्या घरघरीच्या बुडाशी एक झोपलेला माणूस आहे हे फक्त तुम्हाला ऐकू आलं. तुम्ही त्याची कीवही केलीत. तो कोण हे तुम्ही ओळखलं होतंत का? मला नाही वाटत. ओळखलं असतंत तर घोरता हे मान्य करावं लागलं असतं, आणि ते तुम्ही कुणाच्या बापापुढं केलं नसतंत. पण कधीमधी वाटतं, "झोपू द्या" म्हणताना तुमच्या मिशीत काहीतरी हललं होतं. आता कुणाला विचारू?

हे सगळं बोलणं अक्का स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती हात पुसत बाहेर आली आणि सुजातापुढं बसली.

"ते हळू केल्यालं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "जसं होतं तसं हाय का तुज्याकडं?"

सुजातानं लॅपटॉप उघडला. आधी पंख्याची खरखर आली, लांबून कुणाची तरी हाक आली, आणि मग तुम्ही आलात. न ताणलेले, न लपवलेले, त्या लग्नातल्या वऱ्हाडाला उठवलं होतं अगदी तसे. सुजाता ओढणी तोंडात धरून हसत होती, रडत होती. मला वाटलं, अक्का आता आमच्याकडं बघेल, बघा, मी काय म्हणत होते म्हणेल. तिनं बघितलं नाही. ती भिंतीला टेकली, डोळे मिटले. तुमचा आवाज चढत गेला. सुजातानं तो कमी करायला हात पुढं केला, तर अक्कानं तिचा हात धरून ठेवला. मग आवाज फारच चढला तशी तिच्या कपाळावर बारीक आठी पडली, आणि डोळे न उघडताच ती म्हणाली,

"अवो, कुशीवर व्हा की जरा."